सात बायकांची खोली

प्रिय ईनिड,

आपल्या कोपऱ्यावरच्या ‘वीव्हर्स रेस्ट’ पबमधली ती आडवी भिंत पाडायला दोन गडी, एक सकाळ आणि सहा मग चहा लागला. इतक्या स्वस्तात झालं म्हणून मी खूश होतो. खरी किंमत आता कळली: सात बायका.

पब घेतल्याचं तुला कळवलंच होतं. बाहेरच्या हिरव्या चकचकीत फरशा, बारचं वळणदार महोगनी लाकूड, या ऐंशी वर्षांपूर्वीच्या कामाला मी धक्का लावला नाही. पण गल्लीच्या दारामागची बायकांची चिमुकली खोली, दुधी काचांची, पेले आत घ्यायला बारकडे हातभर खिडकी असलेली, ती मला जुनाट वाटली. “आता बायका काय लपून पितात?” असं म्हणत मी सगळं मिळून एकच ऐसपैस दालन केलं. उद्घाटनाला खुर्चीवर चढून बोललोसुद्धा, “या पबची वीट न् वीट मला ठाऊक आहे!” टाळ्या पडल्या गं.

दुसऱ्याच दिवशी ॲग्नेस टॉर्डॉफ आली, आईबरोबर गिरणीत मागावर असायची ती. गल्लीचं दार उघडलं, तर समोर चाळीस पुरुष. सगळे प्रेमानंच ओरडले, “या आजी, बसा मधोमध, राणीसारख्या!” तिनं पर्स पोटाशी धरली आणि आल्या पावली परतली. मी मागे धावलो. म्हणाली, “विल्फ, मी काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे? गिरणीत मुकादम बघायचा, घरी नवरा बघायचा. तिथे कुणी बघत नव्हतं, बाबा.” ती पुन्हा आली नाही, त्या खोलीत नेमानं बसणाऱ्या बाकीच्या सहाही नाहीत. आईही दर शनिवारी तिथेच का जायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. तोंड लपवावंसं वाटतं.

सोमवारी सुतार येतोय, खोली पुन्हा बांधायला. तो विचारतो, बाक कुठल्या भिंतीला होतं? बसलेल्या बाईचं डोकं बारमधून दिसू नये म्हणून काच कुठपर्यंत होती? जुनं लाकूड भंगारात गेलं, नकाशा नाही. लहानपणी तू आईला खेटून तिथे बसायचीस. आठवेल तसं कागदावर काढ आणि लगेच टपालात टाक. पुरुषांना तिथे मज्जाव होता, ईनिड. भिंत पडली त्या सकाळपर्यंत मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

तुझाच,
विल्फ