नोंद क्रमांक सदतीस

वरठी,
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय खुशबू,

वर्कशॉपचं छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या मी बनवल्या. ड्रिलचं स्टँड, लोखंड कापायची करवत, तुझं साडेएकोणतीस इंच उंचीचं अभ्यासाचं टेबल, एकोडीच्या राइस मिलची चाळणी, आणि ते दगड भरडायचं मशीन, ज्यातून चंद्रावरच्या मातीसारखी माती निघते. सगळं माझ्या हातचं. आठवी नापास माणसाच्या हातचं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो, तुला तर पाठच झालं आहे.

तू तपासायला पाठवलेलं चौथं प्रकरण दोनदा वाचलं. यंत्रांच्या नावांच्या चौदा चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. पुलीला तू सगळीकडे 'चाक' लिहिलंस. चाक गाडीला असतं. पंधराव्या चुकीला मी अजून हात लावलेला नाही.

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी तू पीएच.डी.चा विषय सांगितलास: नोंदणी नसलेल्या लहान कारखान्यांतले अपघात आणि कामगारांची भरपाई. त्याच दिवशी नागपूरहून वासुदेवराव सर आले होते. त्यांचं संशोधन चंद्राच्या पृष्ठभागावर. तिथल्या धुळीत गाडीची चाकं किती रुततील हे पाहायला त्यांना तशीच माती पाहिजे होती. चहा पिता पिता मी त्यांच्यासमोर म्हणालो, "हे चंद्रावरची माती मोजून राहिले, आन् आमची पोरगी मजुरांची बोटं मोजून राहिली." सर हसले. तू म्हणालीस, "बाबा, चंद्र मोजाले लोक आहेत. बोटं कोणी मोजत नाही," आणि आत गेलीस. त्यावरही मी हसलो होतो.

सरांना भुकटी सत्तर मायक्रॉनच्या आत पाहिजे होती आणि तिच्यात लोखंडाचा किंवा रंगाचा कण नको होता. मशीनच्या पट्ट्यावर मी चार बोल्टची जाळी बसवली होती. शेवटच्या घाण्यात त्या जाळीचा रंग उडून भुकटीत पडतो, असं मला भिंगातून दिसलं. शनिवार, १८ नोव्हेंबर २०१७, सकाळी अकरा. जाळी मी काढली. दगड टाकायला असलेला तुलाराम म्हणाला, "भाऊ, राहू द्या न जाळी. पट्टा हात ओढते." मी म्हणालो, "तुले माह्यापेक्षा जास्त समजते का?" तो मशीनवर उभा राहिला. अकरा वीसला दगड टाकताना त्याची बाही पट्ट्यात गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठे लागलं? माझ्या तोंडून निघालं, "थ्रेशरमध्ये. घरचं धान मळून राहिला होता." मळणीचे दिवस होते. त्या दिवसांत थ्रेशरमध्ये बोटं गेली म्हटलं की आपल्याकडे दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. डॉक्टरांनीही लिहून घेतलं. तुलाराम शुद्धीवर होता. अकरा वर्षं माझ्याकडे राबलेला माणूस, त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. परत येताना मी त्याला सांगितलं, "आता हेच सांगत जा. नाही तं वर्कशॉपले कुलूप लागंन, मंग दोघंही घरी बसू." दवाखान्याचा खर्च मी केला, दोन महिन्यांचा पगार दिला, आणि आपण मोठ्या मनाचे आहोत अशी स्वतःची समजूत घातली. सरांची माती वेळेत गेली. तिच्यात एक कण सापडला नाही.

मग तू प्रबंधाच्या नोंदीसाठी एकोडीला तुलारामच्या घरी गेलीस. फोनवर सांगितलंस की तुलारामकाकांनी डाव्या हाताने खुर्ची पुसून दिली, "थ्रेशरमध्ये गेली, बेटा," म्हणाले, आणि बेबीकाकू चहा ठेवून जी आत गेली ती बाहेरच आली नाही. काहून रागावली असेल, असं तू मलाच विचारलंस. मी म्हणालो, तिचा स्वभावच तसा आहे. तिचा स्वभाव तसा नाही, खुशबू. मी तिच्यावरही खोटं ढकललं.

आता पंधरावी चूक, पान एकशे बारा. नोंद क्रमांक सदतीस: पुरुष, वय ४१, एकोडी, स्वतःच्या शेतात मळणी, उजव्या हाताची तीन बोटं, भरपाईस पात्र नाही. आणि पुढच्याच पानावर वरठीचं एक वर्कशॉप, 'पंचवीस वर्षांत एकही अपघात नाही'. तू नाव लिहिलं नाहीस, पण वाचताना मला माझंच छप्पर दिसत होतं. परक्या माणसाच्या मातीत मला रंगाचा कण खपला नाही, आणि माझ्या पोरीच्या प्रबंधात मी दोन खोट्या ओळी जाऊ दिल्या.

प्रबंध पंधरा दिवसांत जाणार आहे, तो थांबव. सदतीसमध्ये लिही: ठिकाण वरठी, मालक भैय्यालाल, जाळी मालकाने काढली. पुढच्या पानावरचं ते वाक्य खोडून टाक. काल मी एकोडीला गेलो होतो. तुलाराम म्हणाला, "भाऊ, आता कायले?" बेबीबाई त्याच्यावरच उखडली, "कायले म्हंजे? त्या पोरीनं खोटं छापावं का?" मला तिने बस म्हटलं नाही, मी उभाच होतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते, हे तुझ्याच प्रकरणात वाचलं. नऊ महिने उरलेत. त्यांना चांगला वकील गाठून दे. कोर्टात तू स्वतः उभी राहू नकोस, दावा तुझ्या बापावर आहे. जी भरपाई ठरेल ती मी लेथ विकून देईन. भरडायचं मशीन मात्र विकणार नाही. वासुदेवराव सरांनी ते परवा प्रयोगशाळेसाठी मागितलं, वर माझ्या नावाची पाटी लावू म्हणाले. तुझी आई म्हणते, विका आणि पैसे तुलारामला द्या. पण मशीन नागपूरला गेलं की जाळीच्या बोल्टची रिकामी छिद्रं अपघाताची तपासणी करायला येणाऱ्या साहेबाला कोण दाखवणार? म्हणून आज सकाळी सरांना 'नाही' म्हणून कळवलं. ते दोन लाख पस्तीस हजार देत होते.

तुझाच,
बाबा