रेनाटेचं नाव

२८ जुलै २०२५, सोमवार

कॉलेजातून राजेश्वरी मॅडम आल्या होत्या. इतिहास शिकवतात. बर्लिनची भिंत १३ ऑगस्टला उभी राहिली, त्या दिवशी मुलांशी बोला म्हणाल्या. राहुरी तालुक्यात ती भिंत डोळ्यांनी बघितलेला मी एकटाच म्हणे! यांना कुणी सांगितलं? मुबारकबीनंच कधीतरी कुणाला सांगितलं असणार – माझा नवरा जर्मनीला जाऊन आलाय, हे ती लग्नापासून मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची.

हो म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. चार दिवस कुणाशी बोललो नव्हतो, म्हणून असेल.

३० जुलै

मुद्दे काढले. १९६१. रातोरात काटेरी तारा ओढल्या, सकाळी लोक उठले तर शहराचे दोन तुकडे. मग विटा, मग सिमेंटचे उंच स्लॅब. मुलांना वाटेल मुळा धरणासारखी एक लांब भिंत असेल. तसं नव्हतं. पश्चिमेकडच्या अर्ध्या शहराला गोल वेढा होता. भिंतही एक नाही, दोन. मधे रेती, दाताळं फिरवून सारखी केलेली – कुणी पळालं तर पाऊल उमटावं. त्या रेतीत ससे असायचे. सशांना कुणी गोळी घालत नसे.

सरकारी योजनेतून गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ८४ साल. पूर्व बर्लिनच्या कारखान्यात लेथवरचं काम शिकायचं, दोन वर्षं. इथपर्यंत सांगता येईल. पुढचं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

अर्शीचा पुण्याहून फोन. दर शनिवारी येतो. भाषणाचं ऐकून खूश झाली. म्हणाली, अब्बा, तुम्ही मला तिथलं कधी काही सांगितलंच नाही. मी म्हणालो, काय सांगायचं, थंडी लई होती. मग जेवलात का, गोळी घेतली का – झालं. फोन ठेवला की घर जास्तच रिकामं वाटतं. टीव्ही लावला, बघितला नाही.

५ ऑगस्ट

लिहूनच काढतो. इथे कोण वाचतंय.

रेनाटे माझ्या शेजारच्या लेथवर होती. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पहिल्या हिवाळ्यात तिनं मला स्वतः विणलेले मोजे दिले. तिचा भाऊ क्लाउस पश्चिमेला पळून गेलेला. त्याला इकडे यायला बंदी, हिला तिकडे जायला. दोघांच्या घरांत सात-आठ किलोमीटर, आणि तेरा वर्षं भेट नाही. आणि मी? भारतीय पासपोर्ट दाखवायचा, शिक्का घ्यायचा, स्टेशनातून पलीकडे! त्या शहरात जन्मलेल्या बाईला जे जमत नव्हतं ते राहुरीच्या पोराला जमत होतं.

मी तिची पत्रं नेऊ लागलो. बुटात, तळव्याखाली. क्लाउसचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्यासमोरच पत्र वाचायचा आणि मग पाठमोरा होऊन बराच वेळ एखाद्या चाकाचे स्पोक कसत राहायचा.

अकरा पत्रं पोचली. बारावं सापडलं.

६ ऑगस्ट

नोव्हेंबर ८५. स्टेशनातली बिनखिडकीची खोली. अधिकारी ओरडला नाही, अंगाला हात लावला नाही. पत्राखाली नाव नव्हतं, नुसतं 'तुझी बहीण'. "वेर?" – म्हणजे कोण? – एवढंच विचारत राहिला. दर वेळी तितक्याच शांतपणे. नाव सांगितलंस तर घरी जाशील, नाहीतर आठ वर्षं इथेच, म्हणाला. मला अम्मी दिसायला लागली.

सांगितलं. रेनाटे. लेथ नंबर चार.

दुसऱ्या दिवशी लेथ नंबर चार बंद होता. पाचव्या दिवशी मला विमानात बसवलं. सर्टिफिकेट नाही. घरी सांगितलं, कोर्स लवकर संपला. मुबारकबीबरोबर सदतीस वर्षं संसार केला, तिलाही हेच सांगितलं.

१० ऑगस्ट

शेजारच्या लंकाबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली. दारातूनच म्हणाल्या, "नबीचाचा, लई वाळलाय तुमी. कुनाशी बोलत बी न्हाई." भाकरी गरम होती. एकट्यानं खाल्ली.

१३ ऑगस्ट

साठ-सत्तर मुलं असतील. तारा, रेती, ससे – सशांना हसली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, तिथं तुमच्या ओळखीचं कुणी होतं का. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि सगळं सांगून टाकलं. नावासकट.

टाळ्या नाहीत. बरं झालं. मॅडम रिक्षापर्यंत सोडायला आल्या. क्लाउसच्या दुकानाचा पत्ता विचारला. चाळीस वर्षं झाली, रस्ता आणि घर नंबर तोंडपाठ आहे.

१४ ऑगस्ट

काल ताप उतरल्यासारखं वाटत होतं. आज लाज वाटते. दूध आणायला गेलो नाही. वाटेत कॉलेजची मुलं असतात.

१७ ऑगस्ट

मॅडम मोबाईल घेऊन आल्या. दुकान आहे! क्लाउसचा मुलगा चालवतो. त्या गल्लीच्या टोकाला भिंत होती, तिथं आता झाडं आणि चालायचा रस्ता. फोटो कितीदा बघितला तरी ओळख पटेना.

लिहू का, मॅडमनी विचारलं. म्हणालो, रेनाटे कशी आहे एवढंच विचारा. आणि माझं नाव घाला.

२३ ऑगस्ट

उत्तर नाही.

३० ऑगस्ट

उत्तर नाही. अर्शीनं विचारलं, भाषण कसं झालं. चांगलं झालं म्हणालो. सत्तर परक्या पोरांना सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही.

९ सप्टेंबर

क्लाउसच्या मुलाचं उत्तर आलं. मॅडमनी वाचून दाखवलं. क्लाउसला जाऊन अकरा वर्षं झाली. रेनाटे आहे, एकोणऐंशीची. तिला तुरुंग झाला होता. चौदा महिन्यांनी पश्चिमेच्या सरकारनं पैसे मोजून बऱ्याच कैद्यांबरोबर तिलाही सोडवून घेतलं, आणि ती भावाकडे राहायला गेली. पुढं त्यानं लिहिलंय, आत्याला तुमचं नाव सांगितलं, ती उठून आपल्या खोलीत गेली.

बरोबरच आहे. काय बोलणार ती? चौदा महिने. रोजे, ईद, बकरी ईद, परत रोजे – एवढा काळ.

मॅडम म्हणाल्या, भाऊ तर भेटला ना त्यांना. तो माझा हिशेब नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

रेनाटेचं स्वतःचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. मॅडमनी मराठी करून दिलं, ते इथे उतरवतो.

"नबी, ८५च्या ऑक्टोबरमध्ये गुप्त पोलिसांनी मला बोलावलं. माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं. पत्रं तू नेतोस आणि कुठे लपवतोस, हे मी सांगितलं. वाटलं, तू परदेशी, तुला नुसतं परत पाठवतील. बारावं पत्र मी तुझ्या हातात दिलं तेव्हा मला ठाऊक होतं. मग त्यांनी मलाही सोडलं नाही. तू माझं नाव घेतलंस हे त्यांनीच मला सांगितलं. रागवायला मला तोंड नव्हतं. तुला शोधायची हिंमत मला कधीच झाली नाही."

तीनदा वाचलं. म्हणजे "वेर?" विचारणाऱ्याला नाव आधीच ठाऊक होतं. मग अर्शीला फोन लावला. सोमवारी कसा काय फोन, म्हणून घाबरली. पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अब्बा, उद्या येते मी."

उत्तर लिहायला बसलो. जर्मन आठवेना. मराठीतच लिहीत गेलो.