तोंगेकराची चटई

आई, तुझा तोंगेकर येऊन गेला. मंत्री होऊन आला होता. मलकपेठच्या आपल्या गल्लीत पुढे पोलिसांची गाडी, मागे त्याची, आणि दोन्हींच्या मधे इस्त्रीवाल्याची हातगाडी अडकलेली. त्याच्या देशाची आणि आपली मैत्री त्या हातगाडीपाशी बराच वेळ थांबली होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्या उत्तराची घाई नाही. पण ही बातमी तुझीच आहे, म्हणून लिहायला बसले.

तो माडीवरच्या खोलीत राहायला आला तेव्हा तोंगा कुठे आहे हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्रातली बेटं आहेत, राजा आहे, आणि मुलगा इथे शिकायला आलाय, एवढं कळल्यावर तू त्याला गावावरून आडनाव देऊन टाकलंस. चौकटीला डोकं आपटलं की तो 'अय्यो' म्हणायचा, आणि दखनी बोलायचा ती थेट तुझ्या पद्धतीची, म्हणजे भाजीवालीशी घासाघीस करताना तू बोलायचीस ती. मग तो उन्हाळा आला. प्लास्टिकवर कुरडया चिकटतात म्हणून तू त्याच्या खोलीतली गुंडाळून ठेवलेली बारीक विणीची चटई काढलीस, गच्चीवर अंथरलीस आणि सोऱ्या घेऊन बसलीस. दुपारी तो कॉलेजातून येतो, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहतो आणि आधी कुरडया बघतो, मग खालची चटई. ती चटई त्याच्या आजीने विणलेली होती. बसायची नव्हे, कमरेला बांधायची. मोठ्यांसमोर, मानाच्या प्रसंगी. मी तेव्हा संस्कृतच्या एम.ए.ला होते, म्हणजे कशालाही आधार सापडतो अशा वयात. हे आसन की अधोवस्त्र यावर मी तुम्हा दोघांना प्रवचन दिलं. दोघांनीही ऐकलं नाही. तुझा चेहरा उतरला होता, आणि तो म्हणत होता, "कुछ नई हुआ आई, नक्को फिकर करो." मग काठी घेऊन उन्हं उतरेपर्यंत पारवे हाकत बसला. कुरडया सोडवताना दोन ठिकाणी काड्या उचकटल्या, आणि विणीत चीक राहिला तो राहिलाच. रात्री भांडी विसळताना तू म्हणालीस, "भला आहे म्हणून बोलला नाही. मनातून उतरले मी त्याच्या."

तो परत गेला, सरकारी नोकरीत लागला, आणि नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिला. तिथे काही जागा सरदारांच्या, त्यांनी आपसात वाटून घ्यायच्या; बाकीच्या रयतेच्या. आपला तोंगेकर रयतेतला. पहिल्या खेपेला पडला. तू म्हणालीस, "तिथे कशाला उभा राहिला? इथे राहिला असता तर आपली गल्ली तरी होती." तुझ्यापर्यंत पोचलेली त्याची शेवटची बातमी ती. पुढे तो निवडून आला, विरोधात बसला, रयतेच्या बाजूने बोलून सरदारांना नकोसा झाला. मग मासेमारीचा मंत्री झाला. सरकार गेलं, घरी बसला, पुन्हा उभा राहिला, आणि आता शिक्षण खातं त्याच्याकडे आहे. प्रत्येक शपथविधीचा फोटो त्याने मला पाठवला. मी आधी चेहरा नाही, कंबर पाहायची. दर वेळी चटई नवी, पिवळीधमक. जुनी संपली, असं मी मनाशी धरून चालले. त्याच्या कितीतरी आधी, शेवटच्या आजारात, तू दोनदा विचारलंस, "त्याची चटई सुधारली का गं?" मी उशी सारखी करत राहिले. शाळेत मुलांकडून धातूंची रूपं तोंडपाठ म्हणवून घेणारी मी, एवढा एक प्रश्न त्याला विचारू शकले नव्हते.

परवा तो काळे कपडे घालून दारात उभा, आणि कमरेला तीच चटई. कडा झडलेल्या, मधे पांढुरका डाग. मी खुर्ची ओढली तर हा तुझ्या फोटोखाली जमिनीवर बसला. सोबतच्या अधिकाऱ्याला कुठे बसावं कळेना. शेवटी तो चपलांच्या कपाटाला टेकला. मी विचारलं, ही कुठे ठेवली होतीस? त्याने समजावून सांगितलं, तुला सांगायचा तसं, सावकाश. शपथेची चटई लोक विणून देतात, ती नवीच शोभते. ही दुखवट्याची. गेलेलं माणूस आपल्याहून मोठं असेल, तर मागे राहिलेल्या धाकट्याने जुनी, झडलेली बांधायची. वडील गेले तेव्हा हीच बांधली होती.

"आई के सामने नयी चटई बांध के आऊँ क्या?"

आणि तो डाग? "कुछ नई हुआ," तो म्हणाला. तेच जुनं उत्तर. मला तुझीच शंका आली: भला आहे, शिवाय आता मुरलेला राजकारणी, दुसरं काय म्हणणार? मी उठले, कुरडया तळल्या आणि समोर ठेवल्या. म्हटलं, घरच्या आहेत, आईच्या पद्धतीने केलेल्या. त्याने एक खाल्ली, दुसरी मोडून उजेडात धरली, आणि अधिकाऱ्यादेखत म्हणाला, "ताई, ये आई के जैसे नई. ये दुकान के हैं."

आई, कुरडईपुरतंसुद्धा ज्याला गोड बोलवत नाही, तो चटईबद्दल तुझं मन राखायला कशाला खोटं बोलेल? काही झालं नव्हतं. तू उतरली नव्हतीस.

तो गेला तोवर मी 'घरच्याच आहेत' हा हेका सोडला नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते: दिलसुखनगरच्या दुकानातल्या होत्या.