वादी क्रमांक दोन

तीर्थस्वरूप अक्कांस,

पायांवर डोकं ठेवतो (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुमचा दमा कसा आहे? जीभ ठणठणीत असणारच, तिचं विचारत नाही. इकडे सर्व क्षेम. एवढंच की गेल्या सोमवारी आपला दावा कोर्टानं फेटाळला.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची धाकटी बहीण चाकांच्या खुर्चीत बसू लागली आणि सार्वजनिक वाचनालयाच्या अकरा पायऱ्या तिला बंद झाल्या. मागच्या दाराला पुस्तकांच्या ढकलगाडीसाठी छान उतार आहे, पण ग्रंथपाल म्हणाले, ते दार मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. (मग मला माल समजा, असं तिनं सांगून पाहिलं. त्यांनी नियमावली चाळली. तशी सोय नव्हती.) म्हणून आत जाण्याच्या हक्कासाठी आम्ही दावा ठोकला. वकील नको हे तिचंच म्हणणं. भांडणाचा चाळीस वर्षांचा सराव घरात असताना बाहेरचा माणूस कशाला? कागदावर ती वादी क्रमांक एक, मी क्रमांक दोन. घरातल्यासारखंच. दावा मी लिहिला, तिनं खोडला, मी पुन्हा लिहिला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली मी, पण माझ्या मजकुरात इतक्या चुका काढणारं माणूस हे एकच. दर तारखेला कारकून विचारायचा, वकील कुठाय? लगेच ती माझ्याकडे बोट दाखवायची, जणू नाइलाजानं नेमलाय. अशा सोळा तारखा झाल्या. सतरावीला मी एकटाच गेलो. तिचं सगळं उरकून तुम्ही परत गेलात, त्यानंतरची ती पहिलीच.

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की हक्क वादी क्रमांक एकचा होता, त्या आता नाहीत. तुम्हाला तर पायऱ्या चढता येतात, मग तुमचं काय अडलंय? मी सात मुद्द्यांचं भाषण पाठ करून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, चढता येतं बाई, पण एकटा चढून करू काय? त्यावर कायद्यात कलम नसावं. निकालात लिहिलंय, ‘वादाचे कारण आता उरलेले नाही.’ अक्का, चाळीस वर्षं मी तिला हेच ऐकवत आलो, की या घरातल्या वादाचं कारण तू. आता कोर्टानंच माझं म्हणणं मान्य केलं, तर मला बाकावर बसून रडू आवरेना. शेवटी समोरच्या पक्षाचा वकील पाणी घेऊन आला.

निकालाच्या प्रतीत शुद्धलेखनाच्या नऊ चुका निघाल्या. लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. ‘मयत’ या शब्दावर मात्र बराच वेळ पेन्सिल टेकवून बसलो. तिथं चूक सापडेना.

असो. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, घर शांत आहे. माझ्यासाठी प्रवासाची दगदग मुळीच करू नका.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात),
वादी क्रमांक दोन

ता. क. आज सकाळी ग्रंथपाल घरी आले होते. मागचं दार आता सर्वांसाठी खुलं केलंय म्हणाले. मी चहा दिला. भांडायचं सुचलंच नाही.

ता. क. दुसरा. वर ‘मजेत’पासून ‘करू नका’पर्यंतचा मजकूर खोडायचा राहिला. शनिवारी या, चार दिवस राहा आणि माझ्याशी भांडा. तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे. वादाला कारण कोणतंही चालेल.