लवंगांच्या डबीचं कुलूप

२ फेब्रुवारी १९५४, गोंदिया
डॉक्टरांनी दुर्पताच्या जखमेचं रोजचं माप लिहून आणायला सांगितलं, म्हणून ही वही. एरवी कॉलेज सुटल्यापासून मी लेखणी धरत नाही.

दुर्पता अकरा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला. डाव्या गालाच्या आत जखम — चिंचोक्याएवढी, कडा टणक. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर है. कब से?" तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं — महिनाभर! भाकरी सोडून पेज प्यायला लागली, तेव्हाच मला कळलं.

पुढचं त्यांचं हिंदी माझ्या मराठीत: "महिन्याचीच असेल तर नागपूरला रेडियमच्या सुया लावतील, जखम बसेल. जुनी असून मानेत उतरली असेल, तर आधी मानेतल्या गाठी कापाव्या लागतात. नुसत्या सुयांनी ती वाचणार नाही."

४ फेब्रुवारी
माप तेच. मला एका जागी बसवत नाही. तंबाखू! तिच्या त्या सवयीवर किती ओरडले असेन मी! दसऱ्याला डबीतल्या लवंगा कमी व्हायला लागल्या — तंबाखूचा वास लपवायला, दुसरं काय? तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेय मी. डबीला कुलूप घातलं.

५ फेब्रुवारी
चिंचोक्याहून मोठी.

७ फेब्रुवारी
तिचा भाऊ मनीराम चिचगडहून आला. "नागपूर कायले? आमच्या गावचा पुजारी तापल्या सळीचा डाग देते, दोन दिसात बरी होते."
"डाग दिलास तर पोलिसात देईन."
दुर्पता हसली — अर्ध्या तोंडानं. "बाईले भेऊन रोगच पळून जाईल, दादा."

९ फेब्रुवारी, नागपूर
गोंदियाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उद्या सुया. वॉर्डात नेताना नर्सनं तिचं सामान माझ्या हवाली केलं — लुगडं, चांदीचे गोट, कमरेची चंची. तंबाखू फेकायला चंची उघडली. तंबाखू नव्हतीच. पळसाच्या पानात सात लवंगा. चघळून चघळून पांढऱ्या पडलेल्या, वाळवून परत ठेवलेल्या. वॉर्डात जाऊन तिच्यापुढे धरल्या.

"तमाकू तं कवाचीच सोडली, बाई. दसऱ्याच्या आंधीपासून गाल ठणकून राहिला. लवंग धरली का जरासक बरं वाटे."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुमी इचारलं कोठी? कुलूप लावलात."

तिच्या जबड्याखाली बोटं फिरवली. लाखोळीच्या दाण्याएवढं काहीतरी — घट्ट, हलेना. गोंदियात डॉक्टरांच्या हाताला लागलं नव्हतं!

१० फेब्रुवारी, सकाळ
मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं: दुखणं महिन्याचं नाही, दसऱ्याआधीचं. मानेत गाठ आहे. चुकीचं मी सांगितलं, तिनं नाही. त्यांनी सुया थांबवल्या. आधी मान.

दुर्पताला दिली: डबीची किल्ली.