जोडणी कुणाची

सफाक्स, ४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप तिजानीकाकांस रिहाबचा सलाम, वि. वि.

कॉलेजच्या रोबोटची जोडणी माझ्याकडे आलीय. पुढच्या महिन्यात स्पर्धा. बॅटरी अकरा व्होल्टची, पण त्याच्या मेंदूला आणि हाताच्या मोटरींना लागतात पाच. मी स्विचिंगचा कन्व्हर्टर लावावा म्हणते, त्यात वीज फारशी वाया जात नाही. पण तारांना डाख द्यायला तुम्ही तुमच्या दुकानात शिकवलंत, म्हणून आधी तुम्हाला विचारते. काकूच्या हरिसाची, त्या तिखट मिरचीच्या चटणीची, बरणी संपली, हे तिला सांगाच.

माया आहे, ती वाढती राहू द्या.
रिहाब

गाबेस, ११ फेब्रुवारी

चि. रिहाबला अनेक आशीर्वाद.

कॉलेजात गेलीस नि शहाणी झालीस! तुझा कन्व्हर्टर सेकंदाला लाखदा चालू-बंद होतो. शेजारी रेडिओ ठेव, कसा किंचाळतो बघ. चाळीस वर्षं मी तीन पायांचा साधा रेग्युलेटरच लावला, एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही. सोबत एक पाठवतोय, तापू नये म्हणून पाठीला पत्रा लाव. तुमचे बूझीद सर माझे लष्करातले सोबती. त्यांनाही कळवलंय, पोरगी हट्टी आहे, लक्ष ठेवा. हरिसा निघालाय.

तुझा काका

सफाक्स, २० फेब्रुवारी

ती. काकांस सलाम.

तुमचा लावून पाहिला. निम्म्याहून जास्त वीज नुसती तापण्यात जाते. माझं बोट भाजलं. बॅटरी संपून रोबोट अकरा मिनिटांत आडवा. माझ्या कन्व्हर्टरवर वीस मिनिटं चालतो. आणि आमच्या रोबोटात रेडिओ आहेच कुठे? तरी सरांनी तुमचाच बसवायला लावला. तुमच्या शब्दापुढे माझी मोजमापं कोण वाचतो! स्पर्धेला याल त्याआधी त्यांना एक ओळ लिहा, की पोरीचाच कन्व्हर्टर बसवा, एवढीच विनंती.

रिहाब

गाबेस, १८ मार्च

चि. रिहाबला आशीर्वाद.

दोन पत्रं धाडली, तुझं उत्तर नाही. स्पर्धेत सगळ्या मोटरी एकदम चालल्या नि रेग्युलेटर तापून रोबोट चौथ्याच मिनिटाला थांबला, त्याचं मलाही वाईट वाटतं. आपल्यावर येऊ नये म्हणून बूझीदने सगळ्यांसमोर विचारलं, जोडणी कुणाची. मी म्हटलं, पोरीची. खोटं काय त्यात? डाख तुझ्याच हातचे होते. गाबेसहून आलेले सगळे ओळखीचे तिथे बसलेले, चाळीस वर्षांचं नाव असं घालवायचं का? तुला काढून काम दुसऱ्याला दिलं म्हणे. तू तरुण आहेस, संधी येतील. ईदेला ये, काकू वाट बघतेय.

तुझा काका

सफाक्स, २५ मार्च

ती. काका,

तुम्ही पहिल्या रांगेत होता. सरांनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडेच पाहिलं. वाटलं, आता उठतील. भर सभेत तुम्हाला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. तुमची रेटली.

शनिवारी सरांनी माझा कन्व्हर्टर बसवला. रोबोट वीस मिनिटं चालला. आराखड्यावर नाव आता दुसऱ्याचं आहे.

ईदेला येईन, काकूसाठी. रीतीप्रमाणे तुमच्या कपाळाला ओठ लावीन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही कळणार नाही. तुमच्या दुकानाची पायरी मात्र चढणार नाही.

वडीलकीचा मान राहील. त्याहून जास्त मागू नका.

रिहाब