कानानं दळलेलं पीठ

डोणगाव, मेहकर रस्ता
दिवाळीनंतरचा मंगळवार, १९६३

प्रिय वाहेद,

गेल्या महिन्यात मी चार पायल्या मक्याचा भरडा नासवला. मक्याचं काही नाही, तो गुरांनी खाल्ला, तोंड वाकडं करून का होईना. खरा खर्च वेगळाच पडला: वच्छलाबाईची एक दाढ, मेहकरच्या गाडीचं सगळं गिऱ्हाईक, आणि तू. दाढ काही परत येत नाही. गिऱ्हाईकाचं मी पाहून घेईन. तुझं कसं करावं ते कळेना, म्हणून लिहायला बसलो. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटी दे. आधी सगळं वाच, कारण मधेच टाकलंस तर तुझीच बाजू खरी ठरल्याचं तुला कळणार नाही.

तू नांदुऱ्याला लेकीकडे, नजमुन्निसाकडे गेलास हे मला चांदभाभीनं नाही, आमच्या घरच्या रुखमानं सांगितलं. नांदुऱ्याचं नाव निघालं की मला अजून तिथला धान्याचा बाजार आठवतो. मी तिथं पोती वाहत होतो आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करत होते. बोटं दिसत नव्हती, पण कोणाचा श्वास कुठं अडकला ते मला चार पोत्यांआडून ऐकू यायचं. त्या श्वासावरून भाव ओळखूनच मी माणूस झालो. पुढं आपण दोघं चक्कीचा दगड शोधायला खाणीवर गेलो, तेव्हा तू हातोडी मारत होतास आणि मी कान लावत होतो. कितीतरी दगड बद्द वाजले. एक बोलला देवळातल्या घंटेसारखा, आणि तू म्हणालास, "उठ बे उकंडा, हाच तुयी लक्ष्मी हाय." त्याच दगडाच्या जिवावर मी रस्त्याला पाटी लावली: दगडी चक्की. कण्या, भरडा, मक्याचं पीठ. कानानं दळतो. बसमधले लोक हसायचे, पण उतरायचे. मी डोळे मिटून सांगायचो, दगडात जोंधळा पडतो की मका, आणि दळणारं पोरगं चक्कीकडं पाहतं की रस्त्याकडं. साऱ्या तालुक्यात असा कान नाही, असं मी म्हणायचो. तूही मान डोलवायचास.

पोळ्यानंतर मात्र घरात काही तरी शिजायला लागलं. मी आत गेलो की बोलणं बंद. रुखमा आणि पुंजाजी चुलीपाशी तोंडाला तोंड लावून कुजबुजायचे. पोरगा बापापासून काय लपवतो? ड्रायव्हर लोक आधी वळणावर भोंगा वाजवायचे, ते गुपचूप गाडी आणून उभी करायला लागले, जसं काही मला पकडायचं आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दगड मुका झाला. तुला सांगायला नको, दोन दगड जवळ आले की एक बारीक सूर निघतो. तो निघाला की दगड आवळायचं हातचाक थांबवायचं, केसभर मागं घ्यायचं, बस. तू छिन्नीनं दगडांना टाकी लावून, खाचा पाडून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाक फिरवलं, सूर नाही. आणखी आवळलं, सूर नाही. मनात म्हटलं, वाहेदनं या खेपेला टाकी लावलीच नाही, नुसता हात फिरवला. त्याच आठवड्यात बाजारात किसनरावनं लोखंडी पाट्यांची नवी चक्की बसवली होती, आणि तू त्याच्या दुकानात चहा घेताना मला दिसला होतास. दोन अन् दोन चार व्हायला कितीसा वेळ लागतो?

मग पिठात कचकच यायला लागली. मेहकरच्या गाडीचा कंडक्टर पिशवी परत घेऊन आला. त्या दिवशी पाच-सहा माणसांसमोर मी तुला म्हटलं, "किसनरावनं किती देल्ले बे तुले, माया दगड बिघडवासाठी?" तू काही भांडला नाहीस. हातोडी आणि टाक्या फडक्यात बांधल्या, माझ्याजवळ आलास, ओठ हलवलेस आणि निघून गेलास. तू काय बोललास ते मला समजलं नाही. मला वाटलं, तळतळाट दिला. चोराचा तळतळाट लागत नसतो, असं मी तुझ्या पाठीकडं पाहून म्हटलंसुद्धा.

तू गेल्यावर माझा संशय घरातच फिरायला लागला. एका दुपारी मी जेवायला जातो म्हणून निघालो आणि मागच्या दारानं येऊन पोत्यांआड बसलो. मनात म्हटलं, हेच आपलं जुनं काम. पुंजाजी आला, रुखमा आली. बोलत होते. तोंडं हलत होती, हात हलत होते, रुखमानं कपाळावर हातसुद्धा मारला, पण एक शब्द कानावर येईना. इंजिनाची धकधक तेवढी ऐकू येत होती. मी काय समजलो सांगू? मी समजलो, यांना माहीत आहे मी इथं बसलो आहे, म्हणून नुसती तोंडं हलवून राहिले. इतका हुशार माणूस आहे तुझा दोस्त. मांडीला मुंग्या येईपर्यंत बसून राहिलो, आणि शिंक आली तेव्हा बाहेर निघालो. रुखमानं पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, नाटक करते.

पुढच्या शनिवारी दळणाला बायांची रांग होती. मी चाकावर होतो. सूर येत नाही म्हणून आवळत होतो, तर बायांनी एकेक करून डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी कानाशी दाबला. चेहरे वाकडे. मी म्हटलं, हसा, हसा. उकंडरावची चक्की बुडते म्हणून तमाशा पाहायला आल्या सगळ्या. चेव येऊन आणखी एक वळसा दिला. मग वास आला. दगडाला दगड घासल्याचा जळका वास तुला माहीत आहे. खाली पाहतो तर फटीतून ठिणग्या. पुंजाजीनं झेप घेऊन पट्टा पाडला. इंजिन तसंच धडधडत राहिलं, दगड थांबले.

वच्छलाबाई पुढं आली. बाई तशी बोलायला गोड, पण त्या दिवशी तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पदराची गाठ सोडून तिनं माझ्या हातावर दाढ ठेवली. "तुया पिठाच्या भाकरीनं मोडली हे," म्हणाली. "पीठ दळतं का गोटे दळतं रे बाबा? दगड किती किंचाळून राह्यला, अन् तू उभा हायस देवासारखा! आयकू येत नाही काय तुले?" मी म्हटलं, "मावशी, हळूच बोलून राह्यली तू, मंग राग कायचा?" तर बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. कोणी हसलं नाही. ती सगळ्या डोणगावाला ऐकू जाईल असं ओरडत होती, म्हणे.

त्या दिवशी रुखमानं मला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोंडाशी आणून सांगितलं. ती म्हणाली, "आमी कायले कुजबुजू? पोळ्यापासून वरडून वरडून घसा बसला मायावाला. पोरगं मले म्हनते, आई, बाबाले कसं सांगाव? मी म्हनते, तूच सांग. तुमच्या त्या 'कानानं दळतो'च्या पाटीपायी कोनाची हिंमत होत नाही." ड्रायव्हर भोंगा वाजवतातच, वळणापासून वाजवतात. किसनरावच्या दुकानात तू चहाला गेला होतास ते त्याला हे सांगायला, की त्याच्या लोखंडी पाट्यांना तू हात लावणार नाहीस. हे मला आत्ता कळलं, वाहेद, आणि तेही किसनरावनं स्वतःच पुंजाजीला सांगितलं. शेवटी मी रुखमाला विचारलं, जाताना वाहेद माझ्यापाशी येऊन काय बोलला? तिला आठवत होतं. तू म्हणाला होतास, "दगड रडून राह्यला उकंडा, आयक."

मी बुलढाण्याला जाऊन आलो. डॉक्टरनं कानात नळी घातली, चिमटे वाजवले, आणि कागदावर लिहून दिलं की बारीक आवाज गेले आहेत, ते येणार नाहीत, जाडे आवाज काही दिवस राहतील. इतकी वर्षं इंजिनाला खेटून उभा राहिलास तर काय होईल, असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, साहेब, दुसरीकडं कुठं उभा राहू? गेल्या बाजारी मी त्याच माणसांना बोलावून सांगितलं की वाहेदची टाकी चोख होती आणि दगड मी माझ्या हातानं झिजवला. किसनरावही उभा होता. ते माझं मी केलं, त्यासाठी तुला बोलवत नाही.

बोलवतो ते यासाठी. दोन्ही दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत, चक्की बंद आहे. पुंजाजी म्हणतो, बाबा, लोखंडी पाट्या बसवू, कानाचं कामच नको. दिवाळी गेली, आता गुढीपाडव्यापर्यंत मी त्याला थांबवू शकतो, पुढं नाही. दगडाला टाकी तू लावशील, पण चाकावर उभं राहायला कान लागतो, आणि पोराला तो सूर ओळखायला मी शिकवू शकत नाही. तो म्हणेल, आला बाबा, आणि आला की नाही ते मला कळणार नाही. तू एक हंगाम त्याच्या शेजारी उभा राहा. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, माझ्या नशिबानं ते आता सोपं झालं आहे. फक्त सूर निघाला की त्याला सांग, इथं थांब. मग त्यानं पाट्या बसवल्या तरी दगड काय असतो ते ऐकून बसवेल. चांदभाभीला आणि नजमुन्निसाला सलाम. आत्ता दारातून रुखमानं काही तरी विचारलं आणि मी हो म्हटलं. काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

तुझाच,
उकंडा